पेढ्याचा खाऊ

पातळी ४ : माहितीपर लेख

वाचण्यापूर्वी विचार करा : तुमच्या किंवा मित्राच्या घरी एखादा पाळीव प्राणी आहे का? त्याला खायला कोण देतं? त्याचं पोट भरलं, हे तुम्हाला कसं कळतं?

मुलांनो, आमच्या घरी एक हॅमस्टर आहे. त्याचा रंग अगदी साताऱ्याच्या कंदी पेढ्यासारखा, आणि झोपला की तो तसाच गोल दिसतो. म्हणून माझ्या लेकीने त्याचं नाव ठेवलं 'पेढा'. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे पुष्कळ घरांत हॅमस्टर असतो, कारण त्याला जागा कमी लागते आणि फिरायलाही न्यावं लागत नाही. त्यामुळे आम्हालाही वाटलं होतं, यात काय अवघड आहे!

मागच्या मे महिन्यात माझी आई, म्हणजे लेकीची आजी, गावाहून आमच्याकडे आली. पेढ्याला पाहून ती आधी म्हणाली, "अगं बाई, उंदीर पाळलाय की तुम्ही!" पण दोनच दिवसांत त्याच्याशी तिची गट्टी जमली. "गणपतीच्या वाहनाचा भाऊबंद आहे," असं म्हणून ती रोज रात्री पिंजऱ्याजवळ बसायला लागली. आणि आजी जवळ बसली की काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. खाऊ मिळतो!

एके दिवशी सकाळी पाहिलं, तर पेढा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. रात्रभर त्याचं चाक फिरल्याचा आवाज आला नव्हता. त्याच्या लेंड्या नेहमी तांदळाच्या दाण्यासारख्या कोरड्या असतात, त्या पातळ झाल्या होत्या. शेपटीजवळचे केस ओले आणि चिकट झाले होते.

मी लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी त्याच दिवशी घेऊन या म्हणून सांगितलं. तपासताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या दोन-तीन दिवसांत याने काय काय खाल्लं?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

तिघांचं 'एवढंसंच'

लेक म्हणाली, "मी रोज शाळेतून आल्यावर अर्धी स्ट्रॉबेरी देते." मी म्हणालो, "मी रात्री पाणी बदलताना केळ्याचा एक काप टाकतो." आजी जरा गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "हापूस कापला की एक फोड देते बाई मी त्याला. एवढंसंच तर देते!"

खरं म्हणजे तिघंही 'एवढंसंच' देत होतो. पण एकाने दिलेलं दुसऱ्याला माहीत नव्हतं. ऑफिसात मी कॉम्प्युटरचं काम करतो. एकाच फाइलमध्ये तीन जणांनी एकमेकांना न सांगता बदल केले, तर केवढा गोंधळ होतो, ते मी रोज बघतो. घरी मात्र मी स्वतःच तसं केलं.

डॉक्टरांनी पेढ्याचं वजन केलं, पोट तपासलं, अंगातलं पाणी कमी झालं होतं म्हणून त्वचेखाली सुईने थोडं द्रव दिलं. काही दिवस फळं पूर्ण बंद करायला सांगितली. फक्त नेहमीचं कोरडं खाणं आणि स्वच्छ पाणी. "आजच आणलंत ते बरं केलंत," असंही ते म्हणाले. हॅमस्टरला जुलाब झाले की अंगातलं पाणी फार लवकर संपतं. एवढ्याशा जिवाकडे साठा तो किती असणार!

चौथ्या रात्री चाकाचा आवाज पुन्हा आला. त्या आवाजाने आमची झोपमोड होते म्हणून मी आधी कुरकुर करायचो. त्या रात्री मात्र फार बरं वाटलं.

त्यानंतर मी आणि लेकीने मिळून हॅमस्टरच्या खाण्याबद्दल नीट माहिती गोळा केली. ती तुमच्यासाठी इथे लिहीत आहे.

हॅमस्टर मूळचा कुठला?

आपण दुकानातून आणतो तो मोठा, सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेजवळच्या भागातला. १९३० साली इस्राएल आहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पो शहराजवळ शेतातलं बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली, आणि ती पिल्लं जेरुसलेमला आणली. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर त्याच कुटुंबाचे वंशज आहेत.

तो प्रदेश कोरडा. तिथला हॅमस्टर धान्य, बिया, गवत, पाला आणि मधूनमधून किडे खाऊन जगतो. रसाळ, गोड फळं त्याला क्वचितच मिळतात. म्हणजे त्याचं पोट घडलं आहे ते कोरड्या खाण्यासाठी. आंबा, केळं, कलिंगड हे त्याच्यासाठी जेवण नाही, सणासुदीचं गोडधोड आहे. आपण रोज दोन्ही वेळा श्रीखंडच खाल्लं तर काय होईल? तसंच त्याचं होतं.

म्हणून त्याचं रोजचं जेवण म्हणजे हॅमस्टरसाठी मिळणाऱ्या पेलेट्स किंवा बिया-धान्यांचं मिश्रण. त्याच्याबरोबर थोडी भाजी. फळ फक्त खाऊ म्हणून.

थोडं म्हणजे किती? चला, गणित करू

मी मराठी शाळेत शिकलो. आमचे गुरुजी त्रैराशिक शिकवायचे. आज ते पेढ्यासाठी वापरू.

पेढ्याचं वजन १२० ग्रॅम आहे. एका मध्यम स्ट्रॉबेरीचं वजन १२ ग्रॅम धरू. म्हणजे एक स्ट्रॉबेरी म्हणजे पेढ्याच्या वजनाचा दहावा भाग.

आता समजा, तुमचं वजन ३० किलो आहे. त्याचा दहावा भाग किती? ३ किलो! पेढ्याने एक अख्खी स्ट्रॉबेरी खाणं म्हणजे तुम्ही एका बैठकीत तीन किलो स्ट्रॉबेरी खाण्यासारखं आहे.

अजून एक गोष्ट. मोठा हॅमस्टर दिवसभरात साधारण १० ग्रॅम कोरडं खाणं खातो. मग एका स्ट्रॉबेरीने पोट भरलं तर बाकीचं जेवण कुठे जाणार? पेलेट्समधून मिळणारी प्रथिनं, तंतू आणि क्षार त्याला मिळणारच नाहीत.

म्हणून मोठ्या हॅमस्टरसाठी फळाचं माप लक्षात ठेवा : आपल्या करंगळीच्या नखाएवढा तुकडा, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. तुम्हाला वाटेल, हे तर काहीच नाही. पण तो तुकडा एक ग्रॅमचा धरला, तरी ३० किलोच्या मुलासाठी ते पाव किलो फळ झालं. भरलेला मोठा वाडगा! पेढ्यासाठी तो भरपूर खाऊ आहे.

कोणतं फळ चालेल?

सगळी फळं सारखी गोड नसतात. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीमध्ये साधारण ५ ग्रॅम साखर असते. सफरचंदात आणि ब्लूबेरीत १० ग्रॅम, केळ्यात १२ ग्रॅम, तर आंब्यात जवळजवळ १४ ग्रॅम. म्हणजे आमच्या तिघांमध्ये सगळ्यात गोड खाऊ कोणाचा होता, ते तुम्ही ओळखलंच असेल!

सफरचंद आणि पेअर : चालतं, पण मधला भाग आणि सगळ्या बिया काढून.

स्ट्रॉबेरी : चालते. हिरवं देठ काढून छोटा तुकडा.

ब्लूबेरी : चालते. मोठी असेल तर अर्धीच.

कलिंगड : त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. बिया काढून अगदी छोटा तुकडा, नाहीतर जुलाब होऊ शकतात.

केळं : फार गोड आणि चिकट. क्वचित, तेही अगदी थोडं.

आंबा : साल आणि कोय काढून, केवळ चवीपुरता. रोज तर मुळीच नाही.

कोणतं फळ नको?

संत्रं, मोसंबी, लिंबू : ही आंबट फळं देऊ नका. त्यांतल्या आम्लाने हॅमस्टरच्या तोंडाला आणि पोटाला त्रास होऊ शकतो.

सफरचंदाच्या बिया, आणि पीच, चेरी, प्लम यांच्या आठळ्या : या कधीच देऊ नका. त्यांच्यात अमिग्डलिन नावाचा पदार्थ असतो. बी चावून फुटली की त्यातून सायनाइड हे विष तयार होतं. आपण चुकून सफरचंदाची एखादी बी गिळली तर आपल्याला काही होत नाही, कारण आपण मोठे आहोत. हॅमस्टर मात्र बी गिळत नाही, तो ती कुरतडून फोडतो. आणि त्याचं वजन आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी कमी असतं.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा आजी पटकन म्हणाली, "म्हणजे आपल्या कोवळ्या ज्वारीसारखंच की!" तिचं बरोबर होतं. ज्वारीच्या कोवळ्या रोपांतही याच विषाचा धोका असतो. म्हणून गावाकडे ज्वारी लहान असताना गुरांना त्या शेतात शिरू देत नाहीत. तीच ज्वारी मोठी होऊन वाळली की तिचा कडबा गुरं आनंदाने खातात. गोष्ट एकच, पण तिचा कोणता भाग आणि कधी खायचा, हे महत्त्वाचं.

अॅव्होकॅडो : त्यात फार चरबी असते, आणि तो बऱ्याच लहान प्राण्यांना बाधतो. नकोच.

मनुका, बेदाणे, सुकवलेली फळं : फळ सुकलं की पाणी जातं, पण साखर तेवढीच राहते. म्हणून ते आकाराने लहान आणि गोडीने मोठं होतं. शिवाय ते दातांना चिकटतं. टाळलेलंच बरं.

जॅम, पाकातली फळं, चॉकलेट : अजिबात नाही. कांदा, लसूण आणि कच्चा बटाटासुद्धा नाही.

बुटक्या हॅमस्टरची गोष्ट वेगळी

तुमच्याकडे बुटका हॅमस्टर असेल तर जास्त सांभाळा. त्याचं वजन साधारण ३० ते ५० ग्रॅम असतं. वर दिलेलं माप त्याच्यासाठी नाही. शिवाय बुटक्या हॅमस्टरच्या काही जातींना मधुमेह सहज होतो. अशा हॅमस्टरला फळ न दिलेलंच चांगलं. त्याऐवजी काकडीचा किंवा ब्रोकोलीचा छोटा तुकडा द्या. तो अचानक खूप पाणी प्यायला लागला, सारखी लघवी करायला लागला, तर डॉक्टरांना दाखवा.

रिकाम्या वाटीवर विश्वास ठेवू नका

आमची दुसरी चूक यात होती. वाटीतलं फळ संपलेलं दिसायचं आणि आम्हाला वाटायचं, "बघा, किती आवडीने खाल्लं!"

पण हॅमस्टरच्या दोन्ही गालांत खांद्यापर्यंत जाणाऱ्या पिशव्या असतात. मिळालेलं खाणं तो त्या पिशव्यांत भरतो, आपल्या कोपऱ्यात नेतो आणि लपवून ठेवतो. जर्मन भाषेत 'हामस्टर्न' म्हणजे साठा करणं. या प्राण्याच्या सवयीवरूनच तो शब्द आला आहे.

धान्याचा साठा महिनाभर टिकतो. फळाचा टिकत नाही. पेढा आजारी पडला त्या दिवशी मी पिंजऱ्यातलं बेडिंग उपसलं, तर खाली काळी पडलेली आंब्याची फोड आणि बुरशी आलेली स्ट्रॉबेरी निघाली. म्हणजे त्याला जे बाधलं, त्यात ताज्या फळाबरोबर सडलेलं फळही होतं.

म्हणून फळ संध्याकाळी द्या, कारण हॅमस्टर तेव्हा जागा होतो. सकाळी शाळेत जाण्याआधी त्याची लपवायची जागा बघा आणि ओलं, उरलेलं फळ काढून टाका. कोरडा साठा मात्र सगळा काढू नका. त्याने मेहनतीने जमवलेलं सगळंच गेलं तर तो अस्वस्थ होतो.

फळ देण्याची पद्धत

१. फळ वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि पुसा.

२. फ्रिजमधलं गार फळ लगेच देऊ नका. थोडा वेळ बाहेर ठेवा.

३. बिया, कोय, देठ काढा. तुकडा करंगळीच्या नखाएवढा करा.

४. नवीन फळ असेल तर एका वेळी एकच द्या. मग दोन दिवस लेंड्या कोरड्या आहेत ना, ते बघा.

५. हॅमस्टर अगदी लहान असेल, किंवा नुकताच घरी आला असेल, तर फळाची घाई करू नका.

६. फळाच्या वासाचे हात धुऊन मगच त्याला उचला. नाहीतर तो तुमच्या बोटालाच खाऊ समजेल!

डॉक्टरांकडे केव्हा न्यायचं?

लेंड्या पातळ झाल्या, शेपटीजवळचा भाग ओला दिसला, तो अंग चोरून बसला, खाणं-पिणं सोडलं, तर वाट बघू नका. ओल्या शेपटीचा एक गंभीर आजार हॅमस्टरना होतो, विशेषतः लहान पिल्लांना. तो जंतूंमुळे होतो. जुलाब फळामुळे आहेत की जंतूंमुळे, हे आपल्याला घरी कळत नाही. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. माणसाचं औषध किंवा घरचा काढा देऊ नका. आणि काय खायला दिलं, ते खरं खरं सांगा. आपली चूक सांगताना लाज वाटते, मलाही वाटली. पण डॉक्टरांना त्याच माहितीचा उपयोग झाला.

फ्रिजवरचा तक्ता

आपल्याकडे कोणी घरी आलं की आपण आग्रह करतो. "अजून एक घ्या हो!" पाहुणा पोट भरलं की पानावर आडवा हात धरतो, किंवा "बास, बास" म्हणतो. पेढ्याला ते जमत नाही. त्याला दिलं की तो घेतो. म्हणून त्याच्या वतीने 'बास' म्हणायचं काम आपलं.

आता आमच्या फ्रिजवर एक तक्ता आहे. त्यात तीन रकाने आहेत : वार, काय दिलं, कोणी दिलं. बुधवार आणि रविवार हे फळाचे वार. त्या दिवशी कोणी एकाने लिहिलं की बाकीच्यांनी काही द्यायचं नाही. तक्ता आजीनेच तिच्या वळणदार अक्षरात आखला. त्यामुळे लेकीला मराठी वार लिहिण्याचा सरावही झाला.

आजी आता गावी परत गेली आहे. पण बुधवारी तिचा फोन आला की ती आधी आमची चौकशी करत नाही. विचारते, "काय रे, पेढ्याला आज काय दिलंत? आणि तक्त्यात लिहिलंत का?"

शब्दार्थ

गट्टी जमणे – छान मैत्री होणे
अंग चोरून बसणे – शरीर आखडून, गप्प बसणे
लेंडी – शेळी, उंदीर अशा प्राण्यांची छोटी, कोरडी विष्ठा
त्रैराशिक – तीन संख्यांवरून चौथी संख्या काढण्याची गणिताची रीत
आठळी, कोय – फळातली मोठी, टणक बी
कडबा – ज्वारीची वाळलेली ताटं, गुरांचा चारा
बाधणे – खाल्लेल्या गोष्टीचा त्रास होणे
आग्रह – 'घ्या, घ्या' असं प्रेमाने पुन्हा पुन्हा म्हणणे

स्वाध्याय

१. पेढा आजारी पडण्याची दोन कारणं तुमच्या शब्दांत लिहा.

२. 'वाटी रिकामी आहे, म्हणजे हॅमस्टरने सगळं खाल्लं.' हे वाक्य चूक का आहे?

३. तुमचं वजन ३६ किलो आहे आणि हॅमस्टरचं १२० ग्रॅम. त्याने ५ ग्रॅम केळं खाल्लं, तर तुमच्या मापाने ते किती किलो झालं? त्रैराशिक मांडा.

४. आजीला कोवळ्या ज्वारीची आठवण का झाली?

५. तुमच्या घरातल्या किंवा ओळखीच्या प्राण्यासाठी एका आठवड्याच्या खाण्याचा तक्ता तयार करा. वारांची नावं मराठीत लिहा.

६. घरी आजी-आजोबांना किंवा आई-बाबांना विचारा : त्यांच्या लहानपणी घरी कोणते प्राणी होते, आणि त्यांना काय खायला देत नसत? पुढच्या तासाला पाच वाक्यांत सांगा.